धर्मादाय रुग्णालयातला पगार: दान की देणे?

रुग्ण सोडले तर धर्मादाय रुग्णालयात दोन तऱ्हेची माणसे असतात. काही जण पुण्यासाठी पैसा देतात, बाकीचे पगारासाठी राबतात. पहिल्यांची नावे प्रवेशद्वाराशी संगमरवरी पाटीवर कोरलेली असतात. दुसऱ्यांमध्ये डॉक्टर आणि परिचारिका लगेच आठवतात. केस पेपर काढणारे, बिल करणारे, मेडिक्लेमची फाइल लावणारे, डॉक्टरांच्या वेळा सांभाळणारे आणि दिवसभर फोन उचलणारे सहसा आठवत नाहीत. त्यांना किती पगार द्यावा, हा वरवर पाहता हिशेबाचा प्रश्न आहे. पण रुग्णालय पुण्यकर्म म्हणून चालत असेल, तर हिशेबाआधी एक धर्मविचाराचा प्रश्न सोडवावा लागतो. पगार हा त्या पुण्यकर्माचाच एक भाग आहे, की पुण्यकर्म सुरू होण्याआधी फेडायचे देणे आहे? भाग असेल तर तो कमी-जास्त करण्याची मुभा दात्याला राहते, कारण दान किती करावे हे दाताच ठरवतो. देणे असेल तर ती मुभा उरत नाही.

सुरतेत हा प्रश्न विशेष उठून दिसतो. मजुरा गेटचे न्यू सिव्हिल आणि महापालिकेचे स्मिमेर ही दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये सोडली, तर शहराच्या उपचारांचा बराच भार ट्रस्टांच्या आणि खासगी रुग्णालयांवर आहे. अठवा गेटचे महावीर हॉस्पिटल, जुने अशक्ताश्रम, कतारगामचे किरण हॉस्पिटल ही ट्रस्टांच्या रुग्णालयांतली ठळक नावे. किरण हॉस्पिटल समस्त पाटीदार आरोग्य ट्रस्टचे. १७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. यांपैकी कोणत्याही संस्थेच्या पगारपत्रकाबद्दल येथे काही म्हणायचे नाही. या शहरात व्यापार आणि धर्मादाय एकाच माणसाच्या हातून, पुष्कळदा एकाच चोपड्यातून चालत आले आहेत, एवढेच लक्षात घ्यायचे आहे.

मराठी वाचकाला सुरतेच्या काउंटरवरचे माणूस तसे परके नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली वस्ती मोठी आहे, आणि महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे येथे आली ती मागावर आणि डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांत कामाला. त्यांच्या पुढच्या पिढीतली शिकलेली मुले-मुली दुकाने, कचेऱ्या आणि रुग्णालयांच्या काउंटरवर दिसतात. नंदुरबार-नवापूरकडून मोठ्या आजारासाठी सुरत गाठणारा रुग्ण खिडकीशी येऊन अहिराणीत बोलू लागला, की त्यांतलीच एखादी मुलगी पुढे होते. डॉक्टरांशी गुजराती, विमा कंपनीशी हिंदी-इंग्रजी आणि रुग्णाशी अहिराणी अशी तिची उलाढाल दिवसभर चालते. हे भाषांतर तिच्या कामाच्या यादीत लिहिलेले नसते.

यादीत लिहिलेले कामही बाहेरून दिसते तेवढे सोपे नाही. आधार कार्डावर आडनाव शेवटी आणि पॉलिसीत आधी असते, जन्मतारखेत एका वर्षाचा फरक निघतो, रेशन कार्डावर सुनेचे नाव चढलेले नसते. यातली एक गोष्ट नजरेतून सुटली तर आयुष्मान भारत योजनेची मंजुरी अडते किंवा टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी येते. डॉक्टर सकाळच्या राउंडला ‘आज सोडू’ म्हणतात. त्यानंतर वॉर्डची नोंद, औषधांचा परतावा, तपासण्यांचे बिल, डिस्चार्ज समरी आणि विमा कंपनीची अंतिम मंजुरी अशी रांग लागते. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यावी, असे विमा नियामकाने मे २०२४ मध्ये सांगितले. बंधन विमा कंपनीवर आहे, पण चौथ्या तासाला आवाज चढतो तो काउंटरवर. नातेवाइकाला विमा कंपनी दिसत नाही, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये असतात, ट्रस्टी घरी असतात. त्या वेळी शांत राहणे हेही श्रमच आहेत, असे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविका आणि थकबाकी वसूल करणारे यांच्या अभ्यासातून मांडले. रुग्णालयाच्या काउंटरवर ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असतात: हसून स्वागत करायचे आणि डिपॉझिट मागायचे.

गुजरात सरकारने मार्च २०२३ मध्ये ४६ अनुसूचित रोजगारांचे किमान वेतन वाढवले. महापालिकांच्या क्षेत्रात कुशल कामगाराला दिवसाला ४७४ रुपये, म्हणजे २६ दिवसांचे १२,३२४ रुपये ठरले, आणि अकुशल कामगाराला ४५२ रुपये, म्हणजे ११,७५२. महागाई भत्त्यानुसार हे आकडे पुढे सरकत राहतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने ‘फिक्स पगारा’वर घेतलेल्या आपल्या कनिष्ठ कारकुनाची रक्कम १९,९५० वरून २६,००० केली. नोंद, फाइल आणि खिडकीपुढची माणसे सरकारी कारकुनाच्या वाट्याला असतात तशीच खासगी काउंटरवरच्या माणसाच्याही. तरी त्या वर्षी कायद्याने खासगी मालकाला घातलेली तळरेषा सरकारने स्वतःसाठी ठरवलेल्या रकमेच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. कुशल आणि अकुशल यांच्यात दिवसाला २२ रुपयांचा फरक आहे. तीन-चार भाषा, विम्याचे नियम आणि संगणकावरची बिलिंगची पद्धत यांची किंमत या तळरेषेवर एवढीच होते. तिच्या वर किती चढायचे हे घासाघिशीवर सोडलेले आहे, आणि ही घासाघीस गरजू माणूस आणि नामवंत संस्था यांच्यात होत असल्याने तिचा निकाल आधीच ठरल्यासारखा असतो.

पुण्यकर्मासाठी माणूस भाड्याने घेण्याचे एक विलक्षण उदाहरण सुरतेच्याच इतिहासात नोंदलेले आहे. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेला आला आणि त्याचे प्रवासवर्णन १६९६ मध्ये छापले गेले. सुरतेच्या वाण्यांनी आजारी, म्हाताऱ्या जनावरांसाठी चालवलेल्या रुग्णालयाचे त्यात वर्णन आहे. त्याजवळच ढेकूण, पिसवा अशा कीटकांसाठी एक जागा होती, असे तो लिहितो. त्यांना आवडीचे अन्न मिळावे म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवीत, आणि चावे असह्य होऊन तो पहाटेआधी पळू नये म्हणून त्याला खाटेला बांधून ठेवीत. ओव्हिंग्टनच्या लिहिण्यात थट्टेचा सूर आहे, आणि त्याने हे स्वतः पाहिले की ऐकले याची शंका घ्यायला जागा आहे. पण ऐकीव धरली तरी ही गोष्ट तत्त्वविचाराला फार उपयोगी पडते.

त्या माणसाला पैसे मिळाले होते, तो आपण होऊन आला होता, आणि कीटकांवर दया झाली हेही खरेच. मग खटकते काय? खटकते ते असे, की दयेच्या हिशेबात पिसवेची भूक धरली गेली आणि माणसाची वेदना खरेदीच्या हिशेबात गेली. ज्याच्या अंगावर पुण्य घडले त्याला मजुरी मिळाली, पुण्य मात्र मजुरी देणाऱ्याच्या नावावर चढले. त्याला बांधावे लागले, यावरून त्याची संमती रात्रभर टिकणारी नव्हती हे बांधणाऱ्यालाही ठाऊक होते. आजच्या वातानुकूलित काउंटरची त्या खाटेशी तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही दया भाड्याच्या शरीरातून पोचवायची असेल तर त्या शरीराचे देणे किती, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

पगारवाढ मागणाऱ्याला पुष्कळ ठिकाणी मिळणारे उत्तर म्हणजे ‘ही सेवा आहे’. त्यामागे गीतेतल्या निष्काम कर्माचा आधार मनात धरलेला असतो. तो आधार येथे लागू पडत नाही. फळाची आसक्ती सोडावी, हा उपदेश कर्म करणाऱ्याला आहे. त्याच्या कर्माचे फळ ज्याच्या हाती पडते त्याला नाही. कृष्णाने अर्जुनाला जे सांगितले ते दुर्योधनाने आपल्या सैनिकांना ऐकवून त्यांचा शिधा कमी केला असता, तर त्याला कर्मयोग कोणी म्हटले नसते. लोकमान्य टिळकांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याचा सगळा भर संसारात राहून कर्तव्य करण्यावर आहे. त्याग आसक्तीचा करायचा, कर्माचा नव्हे. कर्तव्यात मालकाचे कर्तव्यही येते, आणि त्याच्या बाबतीत आसक्तीचा विषय शिल्लक रक्कम हा असतो. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली तरच ते निष्काम होते, हा त्यांतला एक मुख्य धागा. ती जोड कोणी दुसऱ्याच्या वतीने देऊ शकत नाही. ज्या खानदेशात हे सांगितले गेले तेथल्याच मुलीला सुरतेच्या कचेरीत ‘सेवा समज’ म्हणून सांगितले जाते, तेव्हा उपदेश उलटा फिरलेला असतो: त्याग तिचा, निर्णय दुसऱ्याचा.

सुरतेच्या धर्मादायामागे जैन परंपरेचा वाटा मोठा आहे, आणि या प्रश्नावर ती परंपरा गीतेपेक्षाही थेट बोलते. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत न मोडताही लागणारे दोष, तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. हे दोष पाळलेल्या जनावरांइतकेच पदरच्या माणसांनाही लागू धरले जातात, आणि श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, प्रतिक्रमणाच्या विधीत त्यांची आलोचना, म्हणजे कबुली, करतो. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. क्षमतेपलीकडे काम देणे आणि उपजीविका तोडणे ही येथे मालकाची कंजुषी किंवा गैरव्यवस्था मानलेली नाही. ती मारहाणीच्या पंक्तीला बसवली आहेत. एकाच माणसाकडे ओपीडीची नोंद, बिलिंग आणि फोन दिले आणि त्याची जेवणाची सुट्टी रांग संपण्यावर सोडली, तर अठराव्या शतकातला श्रावक त्याला कदाचित अतिभार म्हणाला असता. गाडीला जुंपलेला बैल किती ओझे ओढतो याचा विचार करणाऱ्या समाजाला हे अवघड नव्हते.

त्याहून नेमके उत्तर दानाच्या व्याख्येत सापडते. आचार्य हरिभद्रसूरींनी षोडशक प्रकरणात महादानाला दोन अटी घातल्या. धन न्यायाने मिळवलेले असावे, मग ते थोडे का असेना. आणि ते देताना भृत्यांची, म्हणजे ज्यांचे पोषण आपल्यावर आहे त्यांची, अडवणूक होऊ नये. या अटी पाळल्या तर महादान, नाही तर नुसते दान. पुढे बाराव्या शतकात हेमचंद्रांनी योगशास्त्रात धर्ममार्गाला लागणाऱ्या गृहस्थाचे ३५ गुण सांगितले, त्यांत पहिला न्यायाने मिळवलेले वैभव हा ठेवला. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही हाच विचार येतो. आपली माणसे दुःखात असताना परक्यांना देणाऱ्याचा धर्म तेथे खोटा ठरवला आहे, आणि भृत्यांना उपाशी ठेवून परलोकासाठी केलेले कृत्य दोन्ही लोकी दुःख देते असे म्हटले आहे. टीकाकारांनी तेथे भृत्य म्हणजे बायको-मुले आणि आईवडील घेतले आहेत, पगारी नोकर नव्हे, हे खरे. पण ज्याचे घर रुग्णालयाच्या पगारावर चालते आणि ज्याचा दिवस रुग्णालय घेते, त्याचे पोषण कोणावर अवलंबून आहे हे शब्दकोशातून ठरवावे लागत नाही.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. पगार हे देणे आहे, आणि दानाची मोजणी ते फेडल्यानंतरच सुरू होऊ शकते. बाकीच्या परंपराही थोड्याफार फरकाने येथेच येतात. बौद्धांच्या सिगालोवाद सुत्तात मालकाने नोकराशी पाच प्रकारे वागावे असे सांगितले आहे: ताकदीप्रमाणे काम, अन्न आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा आणि वेळोवेळी सुट्टी. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस सुरतेच्या वोहरा मोहल्ल्यांत कोणालाही सांगावी लागणार नाही. जुन्या करारातल्या लेवीय ग्रंथात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवण्यास मनाई आहे. पारशांच्या वेंदिदादमध्ये वैद्याचे शुल्क रुग्णाच्या ऐपतीप्रमाणे चढत जाते आणि धर्मगुरूकडून फक्त आशीर्वाद घ्यायचा असतो. वैद्याचा विचार झाला. वैद्याच्या दारात बसणाऱ्याचा तेवढ्या बारकाईने झालेला नाही.

स्वामिनारायण संप्रदायाची शिक्षापत्री सहजानंद स्वामींनी १८२६ मध्ये वडतालला लिहिली. कामाला लावलेल्या माणसाला ठरल्याप्रमाणे पैसा किंवा धान्य द्यावे, त्यात कमी करू नये, अशी आज्ञा तीत आहे. सुरतेच्या पाटीदार समाजात या संप्रदायाचे अनुयायी पुष्कळ असल्याने तिचे येथे व्यवहारात वजन आहे. पण ही आज्ञा जेथे थांबते तेथेच अवघड भाग सुरू होतो. ठरलेले द्यावे, पण ठरते ते न्याय्य कशावरून? पोप लिओ तेरावा यांनी १८९१ च्या परिपत्रात नेमके हेच विचारले आणि करार झाला म्हणून वेतन न्याय्य होत नाही, ते काटकसरीने राहणाऱ्या कामगाराच्या निर्वाहाला पुरले पाहिजे, असे सांगितले. भारतात १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने निर्वाहाला मोजमाप दिले: कुटुंबाचे तीन उपभोग-घटक, प्रत्येकी २७०० कॅलरी, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी वीस टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार आणि म्हातारपण यांसाठी २५ टक्के मिळवले. दुसऱ्यांची बिले करणाऱ्याला स्वतःच्या घरचे बिल भरता यावे, एवढी माफक कल्पना त्यात आहे.

गरज हा एक निकष झाला, योग्यता हा दुसरा. कौटिल्याच्या वेतनश्रेणीत पुरोहित आणि सेनापती यांना ४८,००० पण, हिशेबनीस आणि लेखक यांना ५००, आणि सर्वांत खालच्या नोकराला ६० पण आहेत. वरच्याला भरपूर द्यावे म्हणजे तो फितूर होणार नाही, हे त्याचे कारण. त्यात धर्म कमी आणि धूर्तपणा जास्त. तरीही त्याच्या राज्यात लेखणी धरणाऱ्याला तळाच्या आठपट मिळत होते. गुजरातच्या २०२३ च्या तळरेषेत कुशलाला अकुशलापेक्षा जेमतेम पाच टक्के जास्त आहेत. दोन काळांची अशी तुलना काटेकोर होऊ शकत नाही, पण अक्षरज्ञान आता दुर्मीळ राहिलेले नाही आणि बाजार दुर्मीळतेला पैसे देतो, उपयुक्ततेला देत नाही, एवढे त्यातून दिसते.

इंग्रज लेखक जॉन रस्किनने याच गोष्टीवर बोट ठेवले. १८६० मध्ये लिहिलेल्या ‘अन्टू धिस लास्ट’ या निबंधमालेचे नाव बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावरून आहे. त्यात दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही मळेवाला पूर्ण रोज देतो. गांधीजींनी हे पुस्तक १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचले आणि १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ नावाने त्याचे सार गुजरातीत लिहिले. डॉक्टर किंवा धर्मगुरू निवडताना कोणी सर्वांत स्वस्त कोण हे पाहत नाही, मग कामगारालाच लिलावात का उभे करायचे, हा रस्किनचा एक युक्तिवाद. दुसरा अधिक कठोर आहे. प्रत्येक पेशाचा मान, तो पेशा कशासाठी मरायला तयार आहे यावर ठरतो, असे तो म्हणतो; आणि वैद्याच्या बाबतीत त्याने दिलेली कसोटी अशी, की साथ पसरली तरी जागा सोडायची नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये ही कसोटी सुरतेत शब्दशः लागली. प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. अनेक खासगी डॉक्टर दवाखान्यांना कुलपे लावून निघून गेले. न्यू सिव्हिल सुरू राहिले. रुग्णालय सुरू राहते म्हणजे तेथे नोंद करणारा, खाट कोठे रिकामी आहे ते सांगणारा, नातेवाइकांना आवरणारा कोणीतरी जागेवर असतो, आणि खोकणाऱ्या रुग्णाशी पहिली गाठ त्याचीच पडते. रस्किनच्या यादीत सैनिक, धर्मगुरू, वैद्य, वकील आणि व्यापारी एवढेच आहेत. खिडकीवरच्या माणसाला त्याने मानाच्या यादीत घेतले नाही, पण जागा न सोडण्याची अपेक्षा त्याच्याकडूनही तेवढीच होते. मार्च २०२० मध्ये केंद्राने कोविडसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला तेव्हा कामाला लावलेल्या कंत्राटी आणि आउटसोर्स कर्मचाऱ्यांनाही त्यात धरले. मृत्यूच्या भरपाईत राज्याने त्यांना डॉक्टरांच्या बरोबरीने मोजले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. महिन्याच्या पगारात तसे मोजल्याचे उदाहरण नाही.

न्यायालयांपुढे हा वाद ‘रुग्णालय हा उद्योग आहे का’ या रूपात आला. मुंबईच्या जे. जे. समूहातील रुग्णालयांच्या वॉर्डांतल्या नोकरांच्या खटल्यात, हॉस्पिटल मजदूर सभेच्या बाजूने, १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘होय’ म्हटले. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात तेच न्यायालय ‘नाही’ म्हणाले. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा ‘होय’ म्हटले. न्या. कृष्ण अय्यर यांनी तेथे धर्मादायाचे केलेले वर्गीकरण धर्मविचाराच्या अंगानेही वाचण्यासारखे आहे. काही संस्था नफा कमावतात आणि तो धर्मकार्याला लावतात. काही नफा घेत नाहीत, पण पगारी माणसांकडून काम करून घेऊन सेवा देतात. तिसऱ्या प्रकारात माणसेच ध्येयाने येऊन फुकट किंवा नाममात्र मानधनावर राबतात. पहिल्या दोन्ही प्रकारांत दया रुग्णावर होते, कामगारावर नाही, म्हणून कामगारापुरता तो उद्योगच. तिसरा प्रकार मात्र त्यातून बाहेर. हरिभद्रांची अट आणि हा निकाल यांच्यात बाराशे वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्हीतला तर्क जवळजवळ एकच आहे.

कायदा तेथे स्थिर राहिला नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने नफ्यासाठी न चालणाऱ्या रुग्णालयांना वगळलेलेच होते. औद्योगिक विवाद कायद्याच्या १९८२ च्या दुरुस्तीने रुग्णालये उद्योगातून काढली, पण ती कधी अमलात आली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवेला पूर्णतः वा बहुतांशी वाहिलेल्या संघटनांच्या संस्था उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. किमान वेतन त्यामुळे चुकत नाही. पण त्याहून अधिक मागण्याची, वाद नेण्याची वाट अरुंद होते. मालकाच्या हेतूवरून नोकराचा हक्क ठरवायचा, ही सफदरजंगची बाजू पुन्हा वर आली आहे. याच्या उलट १९८३ चा संजित रॉय खटला. राजस्थान सरकारचे म्हणणे असे, की दुष्काळी काम हे मदतकार्य आहे, म्हणून किमान वेतनापेक्षा कमी दिले तरी चालते. काम घेतले असेल तर त्याचा मोबदला ही मदत होत नाही, आणि किमानाहून कमी देणे ही वेठ आहे, असे न्यायालयाने ठरवले.

या सगळ्यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. पगार वाढले तर बिल वाढेल, आणि ते भरणारा पांडेसऱ्याचा मागवाला काउंटरवरच्या मुलीपेक्षाही गरीब असू शकतो. हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून पगार कमी ठेवण्याचे समर्थन निघत नाही. सवलतीचा बोजा कोणी उचलायचा, हा प्रश्न निघतो. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार एकूण बिलाचे दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. या व्यवस्थेत त्रुटी पुष्कळ निघतील, पण तिच्यात दान लिहिलेले असते: किती, कोणाकडून, कोणाला. कमी पगारातून दिलेली सवलत कोठेच लिहिली जात नाही. बिलातली जी कपात कर्मचाऱ्याच्या पगारातून आली, तिचा दाता तो कर्मचारी आहे. त्याला कोणी विचारलेले नसते आणि पाटीवर नाव दुसऱ्याचे असते. गुजरातेतल्या पेढ्या गिऱ्हाइकाच्या बिलावर धर्मादा लावून तो पांजरापोळीला देत, त्यात निदान बिलावर तशी ओळ तरी असे.

मदत केंद्रावर विनावेतन बसून नवख्या रुग्णाला वाट दाखवणारे निवृत्त लोकही पुष्कळ रुग्णालयांत दिसतात. ते कृष्ण अय्यर यांच्या तिसऱ्या वर्गातले. त्यांची सेवा खरी असते, कारण उद्या न येण्याचे त्यांना स्वातंत्र्य असते आणि त्यामुळे त्यांच्या घरची चूल विझत नाही. कर्मचाऱ्यालाही पूर्ण पगार हातात पडल्यावर त्यातला काही भाग रुग्ण निधीला देता येतो. तेव्हा ते त्याचे दान होते आणि पुण्यही त्याचेच. सुरतेच्या हिरे व्यापाऱ्यांनी दिवाळीला कारागिरांना मोटारी आणि घरे दिल्याच्या बातम्या देशभर छापल्या जातात. वेळेवर दिलेल्या पुरेशा पगाराची बातमी होत नाही. भेट देणाऱ्याला मोठेपण मिळते, देणे फेडणाऱ्याला मिळत नाही. धर्मग्रंथांना देण्याबद्दल एवढ्या आज्ञा कराव्या लागल्या, त्या बहुधा यामुळेच.

आता एक नवी अडचण उभी आहे, आणि जुन्या ग्रंथांत तिचे उत्तर सरळ मिळत नाही. सिगालोवाद काय किंवा शिक्षापत्री काय, मालक आणि नोकर समोरासमोर आहेत असे धरून चालतात. आज काउंटर, टेलिफोन आणि डेटा एन्ट्री यांसाठी माणसे एजन्सीमार्फत घेतली जातात. ट्रस्ट एजन्सीला ठरलेली रक्कम देतो, एजन्सी कर्मचाऱ्याला ठरलेला पगार देते, आणि ‘ठरल्याप्रमाणे द्यावे’ ही आज्ञा दोन्हीकडे पाळली जाऊनही माणसाच्या हाती अपुरेच पडते. जैन विचारात करणे, करवणे आणि अनुमोदन देणे यांचा दोष सारखाच धरला जातो; त्या न्यायाने एजन्सीकडून करवून घेतलेला अतिभार ट्रस्टलाही लागतो. कायद्याने वेगळ्या वाटेने तेच म्हटले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते मुख्य नियोक्त्याने द्यायचे, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. १९७० च्या कायद्यात आणखी एक कलम होते: वेतनवाटपाच्या वेळी मुख्य नियोक्त्याच्या प्रतिनिधीने जातीने हजर राहावे आणि वाटलेली रक्कम बरोबर असल्याचे प्रमाणित करावे. पगार थेट बँकेत जाऊ लागल्यापासून ती हजेरी कागदावर उरली होती.